मलम नाही

आमच्या दवाखान्याच्या कमानीवर अजून
जुन्या हॉलची अक्षरं पुसट दिसतात:
लग्न, बारसं, तेरावं. भाडं आगाऊ.
आत आता एक वजनकाटा, एक खाट,
दोन पंखे, त्यातला एक फिरणारा,
आणि गजांच्या खिडकीमागे मी,
औषधं मोजून देणारी.

गुरुवारी दुपारी रांग ओसरली की त्या येतात.
आधी खोकल्याचं सांगतात. मग लेकराचं.
मग गजांपाशी तोंड आणून, अगदी हळू:
ते डाग जायचं मलम मिळतं का इथं?
कुठले, ते मी विचारत नाही.
पदर बोटभर सरकतो, परत जागेवर येतो.

ताजे असतात वांग्याच्या रंगाचे,
जुने मासळीच्या पोटासारखे.
निखाऱ्यावर बाटी उलते
तसं उललेलं पोट.

माझ्या यादीत लोहाच्या गोळ्या आहेत,
साखरेच्या, रक्तदाबाच्या, खरजेचं मलमसुद्धा.
हे नाही.
वर अर्ज केला होता एकदा.
उत्तर आलं: सौंदर्यप्रसाधन. अनावश्यक.
सही ओळखीच्या साहेबांची होती, पोट त्यांचंही मोठं आहे.

भगवंती आली तेव्हा बाळ बावीस दिवसांचं.
हातात खोक्याचा कापलेला तुकडा,
त्यावर किंमत: सातशे चाळीस.
दोन घरच्या पोळ्या, पंधरा दिवस.
याच्यात स्वस्तातलं द्या, म्हणाली.
तिची हिंदी माळवीकडे झुकलेली, माझी मराठीकडे,
मध्ये कुठेतरी आम्ही भेटलो.

नवरा काही बोलला का?
नाही हो. आणि आरसा एवढा खाली जातच नाही.
अंघोळीला हाताला लागतात, तेव्हा वाटतं
कुणा दुसरीचंच पोट धुतेय.

मी खरं ते सांगितलं.
फिके होतील आपसूक, वर्ष दीड वर्ष लागेल.
पुरते जात नाहीत,
सातशे चाळीसच्या मलमानंही नाही.
खाज सुटली तर खोबरेल लाव.
ती हसली. एवढंच ऐकायला
दोन मॅजिक बदलून आले मी?
(इंदुरात त्या कोंबून भरलेल्या गाड्यांना
मॅजिक म्हणतात. नाव ठेवणाऱ्याचं भलं होवो.)
हसता हसता तिनं कपाळ दाबलं
आणि मला तिच्या पायात रुतलेली चप्पल दिसली.

सिस्टरनं पट्टा बांधला.
मग दुसऱ्या हाताला बांधला.
एकशेसत्तर. वर नाही, खाली एकशेदहा.
डॉक्टरांनी गोळी दिली, फोन केला,
गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडली,
कचोरीवाल्या नंदूनं तापती कढई उतरवून ठेला हलवला
आणि चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं.
बाळ माझ्याकडे. त्याला काय,
ते खिशातल्या पेनाकडे बघत होतं.

डोकं दुखतं म्हणून कुणी खाडा करत नाही.
पाय सुजतात ते उभं राहून, असं सासू सांगते, आईही सांगते.
ती त्या डागांसाठी आली होती.
खिडकीतून मी नुसतं नाही म्हटलं असतं,
नेहमी म्हणते तसं, यादीत बघूनही न बघता,
तर परतीच्या मॅजिकमध्ये
कुठल्या चौकापर्यंत पोचली असती?
हे मी रात्री मोजते. जमत नाही.

हल्ली मी मलम नाही असं सांगते
आणि गजातून बोट दाखवते:
आत या, बसा, हात पुढे करा.
रुळांपलीकडे एक दवाखाना द्या, असा नवा अर्जही दिलाय.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: दोन गाड्या.
अजून उत्तर नाही.

भगवंती परवा येऊन गेली, लेकराच्या डोसाला.
बघा ना, फिके झालेत का?
मी चष्मा लावून बघितलं.
थोडे, म्हटलं.
तुमचे?
माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे.
आता दिसत नाहीत.
कुठे होते ते मात्र बोटाला ठाऊक आहे.